फटक्याशिवाय उठणे

माझी शाळा चौथीपर्यंत झाली, तीही मध्ये मध्ये खाडे करून. म्हणून ऱ्हस्व-दीर्घ चुकले असेल तर वाचणाऱ्याने माफ करावे. अक्षराची माफी वेगळी मागायची आहे. पानाच्या सुरुवातीला माझे अक्षर बरे असते, दोन रेघांना टेकून चालते. चार-सहा ओळी झाल्या की ते बारीक होऊ लागते आणि पानाच्या तळाला मुंगीएवढे होते. हे आळसाने होत नाही. माझ्या दुखण्याची ती खूण आहे. डॉक्टरांनी सांगितले, रोज एक पान मोठ्या अक्षरात लिहा, हाताला वळण राहील. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, दुरेघी वह्या आणून दिल्या. आधी मी देवांची नावे लिहिली, मग गावांची, मग घरातल्या भांड्यांची. भांडी संपली तेव्हा हे लिहायला घेतले.

मला चार माणसांत बोलता येत नाही. वही मी डाळीच्या डब्यामागे ठेवते. पण कुठल्या बाईला हे दुखणे झाले असेल, आणि मला उठवायचे तसेच तिला तिच्या घरचे उठवत असतील, तर ही वही तिच्या हाती पडावी असे वाटते.

*

आमचे गाव सातारा जिल्ह्यात, कृष्णेच्या काठी. मालक फौजेतून हवालदार होऊन पेन्शनीवर आले. घरात ते, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. मुलगा फौजेत, लेक सासरी.

बहात्तरचा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षी हे दुखणे सुरू झाले. भाकरी तव्यावर टाकली, आता उलटायची, हे मला कळायचे. मी हाताला जा म्हणायचे. हात जायचा नाही. दुखत नव्हता, बधिर नव्हता. नुसता गुडघ्यावर पडून राहायचा, जसा काही माझा नाहीच. भाकरी माझ्या डोळ्यांदेखत करपायची.

मग बसल्या जागेवरून उठतानाही तसेच होऊ लागले. धडधाकट माणूस उठतो तेव्हा उठायच्या आधी किती गोष्टी होतात हे त्याला माहीत नसते. अंग पुढे झुकते, पाय मागे ओढले जातात, तळवा जमिनीवर टेकतो. हे आपले आपण होऊन जाते, मग माणूस उठतो. माझे ते आधीचेच बंद पडले. उठायचे मनात ठरायचे आणि ते मनातच बसून राहायचे.

मालकांना हुकूम दिला की तो लगेच झालेला लागतो. एकदा जेवायला बसले होते. म्हणाले, "पानी आन." मी ऐकले. मनाने मी निघालेही होते. त्यांनी वाट पाहिली, मग रिकामा तांब्या फेकला. तो माझ्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरले.

"एक-दोन-तीन म्हनस्तोवर आख्खी पलटन हालती," ते म्हणाले. "आन ही बया दहा झालं तरी बसल्याली!"

मी रडले नाही. तोंड वाकडे केले नाही. पुढे कळले की या दुखण्यात चेहऱ्यावरचे भाव आटून जातात. आत मी ओरडत होते, बाहेर काही येत नव्हते. आत्याबाई म्हणाल्या, "बघ कशी दगडावानी बघती. हिला लागतच न्हाई."

हे वाक्य आमच्या घरात पक्के झाले. हिला लागत नाही.

*

आता बैलाचे सांगते, कारण सगळी चूक तिथून झाली.

त्या दिवशी सकाळपासून मी सोप्यात भिंतीला टेकून बसले होते. दोनदा शिव्या खाल्ल्या, एकदा केस ओढले गेले, तरी उठले नव्हते. आत्याबाई अंगणात पाठमोऱ्या शेण भरत होत्या. मालक दारात होते. तेवढ्यात आमचा पांढरा बैल कासरा तोडून सुटला आणि मान खाली घालून आत्याबाईंवर आला.

मी कधी उठले ते मला माहीत नाही. अंगण ओलांडून धावले, त्यांना दंडाला धरून ओढले आणि आम्ही दोघी उकिरड्याच्या कडेला पडलो. बैलाचे शिंग गोठ्याच्या खांबात घुसले. खांब मोडला.

आत्याबाईंना धाप लागली होती. धाप ओसरल्यावर त्या पहिले वाक्य बोलल्या, "म्हंजी तुला उठता येतं."

"आत्याबाई, मला…"

"माजा जीव वाचीवलास ते खरं. पर तुजं सोंग उघडं पडलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंथरुणात तशीच पडून होते. आत्याबाईंनी खुंटीवरचा आसूड काढला, बैलांना मारायचा, आणि माझ्या पाठीवर ओढला. पाठीत आग पेटली आणि मी उभी राहिले. उभी राहिले, चालले, चूल पेटवली, म्हशीचे दूध काढले. दुपारपर्यंत अंग जरा सैल राहिले.

"बघ," आत्याबाई मालकांना म्हणाल्या, "गुन आला."

त्या दिवसापासून सकाळचा फटका सुरू झाला. त्यात राग नसायचा. चहा ठेवावा तसा त्या फटका द्यायच्या. एखाद्या सकाळी देवपूजेत असल्या तर पूजा उरकून यायच्या.

पुढचे लिहायला मला लाज वाटते, पण तेच लिहायला वही घेतली आहे. महिन्या-दोन महिन्यांत मलाच ते औषध वाटू लागले. म्हैस ओरडायची, तिला पान्हा फुटलेला असायचा आणि माझे अंग हलत नसायचे. मी पडल्या पडल्या हाक मारायचे, "आवं आत्याबाई, मारा की एक. धार काढायची ऱ्हायलीया."

त्या मारायच्या. मी उठायचे.

पण फटक्याची अंगाला सवय होते. मारणारा ओळखीचा, वेळ ओळखीची, मग भीती कमी होते आणि भीती कमी झाली की पाय उठत नाहीत. एकाचे दोन झाले, दोनाचे चार झाले. आत्याबाईंचा हात भरून येऊ लागला. मग आसूड मालकांनी घेतला.

एका सकाळी सहा झाले तरी मी उठले नाही. मालकांनी आसूड उलटा धरला, चामड्याची वादी मुठीत आणि वेताची काठी खाली. मी डोक्यावर हात घेण्याचा विचार केला. हात अर्ध्या वाटेपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. काठी मनगटावर बसली. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. तरी मी उठले नाही. तेव्हा मालक घाबरले. घाबरले म्हणून आणखी दोन मारले.

*

माझे माहेर विट्याकडचे. थोरल्या भावाला आम्ही आण्णा म्हणतो. त्याचे मद्रासकडे सोने गाळायचे दुकान आहे. मनगट मोडले त्याच्या तिसऱ्या दिवशी तो पोरीच्या लग्नाच्या पत्रिका घेऊन आमच्या दारात आला.

मी सोप्यात बसलेली. मनगट सुजून भोपळ्यासारखे झालेले. आण्णाने पत्रिका माझ्या मांडीवर ठेवली, मी ती उचलली नाही. त्याने हात बघितला. मग मागे जाऊन पाठीवरचा पदर सरकवून बघितले.  खुंटीवरून आसूड काढला आणि परसात तोंड धूत बसलेल्या मालकांच्या पाठीवर मारला.

"उठा दाजी! आता तुमी उठा!"

मालक उठले आणि आण्णाच्या तोंडावर मुठी घातल्या. आण्णाचा एक दात पडला. त्याने मालकांचा ओठ फोडला, त्यांचे डोके रांजणावर आपटले, रांजण फुटला. दोघे चिखलात लोळत होते. आत्याबाई "मेलं, माजं लेकरू मेलं" म्हणून ओरडत होत्या. मला मध्ये पडायचे होते. माझा भाऊ, माझा नवरा. मी नुसती बघत राहिले.

दोघे दमून थांबले आणि दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे बघितले. आण्णा धापा टाकत म्हणाला, "तुला कायच वाटत न्हाई का गं?"

मला त्याचा राग आला नाही. माझ्या तोंडाकडे बघून कोणीही तेच विचारले असते.

*

सांगलीच्या दवाखान्यात आम्ही तिघे गेलो. आण्णा पुढे, मी मध्ये, फुटक्या ओठाचे मालक मागे. हाडाच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातले. परत निघताना दारातल्या उंबऱ्याशी माझे पाय जमिनीला चिकटले. आण्णा ओढू लागला, मालक मागून ढकलू लागले. तिकडून एक उंच डॉक्टर चालले होते. ते थांबले आणि म्हणाले, "ओढू नका. ढकलू नका. सोडा त्यांना."

त्यांनी कुठून तरी खडू आणला आणि माझ्या पायापुढे फरशीवर पाच-सहा आडव्या रेघा ओढल्या. "बाई, ही रेघ ओलांडा."

पाय उचलला गेला. एक रेघ, दुसरी रेघ. मी पुढच्या भिंतीपर्यंत चालत गेले. आण्णाच्या हातातली पिशवी खाली पडली.

दुखण्याचे नाव त्यांनी पार्किन्सन सांगितले. आमच्याकडे म्हातारी माणसे कंपवात म्हणतात. पण माझा हात फारसा कापत नव्हता, म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही. डॉक्टरांनी मालकांना समोर बसवले आणि विचारले, "हवालदार, गाडी निघायच्या आधी काय करता?"

"बैल जुंपतो."

"हलायच्या आधी मेंदू असेच बैल जुंपतो. इतक्या पटकन की आपल्याला कळत नाही. यांच्यात तो जुंपणारा गडी थकला आहे. बैल धड आहेत, गाडी धड आहे. जुंपलेच नाही तर हाकून काय होणार? रेघ दिसली की डोळ्यांच्या मदतीने दुसरा गडी येऊन जुंपतो. म्हणून त्या चालल्या."

मालक म्हणाले, "मग मारल्यावं कशी उठत व्हती?"

"पाठीमागे आग लागली तर न जुंपलेले बैलही पळतात. त्याला गाडी चालली असे म्हणत नाहीत."

 मग मालकांनी जे विचारले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "डाक्टरसाब, हिला… लागत व्हतं का? तोंडावं कायबी दिसायचं न्हाई."

"लागत होते," डॉक्टर म्हणाले.

मालक उठून बाहेर गेले.

*

दवाखान्यात मी बरेच दिवस होते. औषध नवे होते, मुंबईहून मागवावे लागे आणि फार महाग होते. पैसे आण्णा भरत होता. पहिल्या दिवसांत गोळी पोटात गेली की उलटी व्हायची. खाल्लेले सगळे पडायचे. एकदा मालकांच्या धोतरावर उलटी झाली आणि मी मार बसेल म्हणून डोळे मिटले. त्यांनी धोतर नळावर धुऊन आणले. मला ते मारण्यापेक्षा अवघड गेले, का ते सांगता येत नाही.

भीती मात्र अंगात मुरली होती. सकाळ झाली की मी फटक्याची वाट बघत पडून राहायचे. एके सकाळी नर्सबाईंनी थर्मामीटर झटकायला हात वर केला आणि मी खाटेवरून उडी मारून कोपऱ्यात जाऊन बसले. शेजारच्या खाटेवर म्हसवडकडची एक धनगर म्हातारी होती, पोटाचे ऑपरेशन झालेली. ती म्हणाली, "आगं बया! ही तर हरनी हाय! आन डाक्टर म्हनत्यात हालत न्हाई." मग टाके दुखतात म्हणून पोट धरून हसली. मलाही हसू आले. ते तोंडावर दिसले की नाही कोण जाणे. तिला मात्र कळले. त्यानंतर मी मोरीकडे जाताना अडले की ती आपली मेंढरं वळायची काठी माझ्या पायापुढे आडवी टाकायची. "ओलांड गं माजे हरनी." कोणी माझ्यासाठी काठी उचलली आणि मी सुखाने चालले, अशी ती पहिलीच वेळ.

गोळी अंगाला लागायला वेळ लागला. एका सकाळी मी खाटेवर बसले होते. उठायचे असे मनात आले. अंग पुढे झुकले, पाय मागे आले, तळवा टेकला, आणि मी उभी होते. मी मागे वळून बघितले, कोणी मारले का म्हणून. मागे भिंत होती.

*

घरी न्यायची वेळ आली तेव्हा आण्णा मालकांना म्हणाला, "भैन माझ्याकडं ऱ्हाईल."

"बायकू माजी हाय," मालक म्हणाले. "औषिदाचा खर्च बी माजा. तुमचा एक पैसा ठिवनार न्हाई, पाव्हणं."

दोघे माझ्याकडे बघू लागले. मला बोलायचे होते आणि शब्दही अडतात माझे. ते थांबले. मी म्हणाले, "मी माज्या घरी जानार."

मला पुढे कितीजणींनी विचारले, परत का गेलीस? माहेरी भावजयीच्या चुलीपुढे मी पाहुणी झाले असते. आणि दुसरे असे की, त्याच सोप्यात, त्याच खुंटीखाली, मालकांच्या आणि आत्याबाईंच्या डोळ्यांदेखत मला फटक्याशिवाय उठायचे होते. नाही तर माझे सोंगच होते असे कायमचे राहिले असते.

आण्णाने विचार केला आणि मालकांना म्हणाला, "नऊशे रुपये झाल्यात. तुमच्या हातनं घेनार न्हाई. वर्साला तीनशे, भाऊबीजेला, तिनं येऊन तिच्या हातानं द्यायचं. आन पैसं घ्यायच्या आदी मी तिचं हात आन पाठ बघनार. वळ दिसला तर त्या वर्साचं पैसं धरनार न्हाई."

मालकांच्या कपाळाची शीर फुगली. पण "व्हय" म्हणाले.

*

घरी आल्यावर मालकांनी चुना कालवला. दोरी धरून अंथरुणापासून चुलीपर्यंत, चुलीपासून गोठ्यापर्यंत, कवायतीच्या मैदानावर आखतात तशा आडव्या रेघा मारल्या. जमीन सारवली की रेघा जात. ते पुन्हा मारत. मी अडले की लांबून म्हणत, "एक… दोन…" ते मोजले की पाऊल पडायचे. ज्या बाईला हे दुखणे असेल तिच्या घरच्यांनी एवढे करावे. ओढू नये, ढकलू नये. रेघ मारावी, मोजावे, नाही तर गप्प थांबावे. थांबणे सगळ्यांत अवघड आहे, हे मला माहीत आहे.

पहिल्या सकाळी आत्याबाई माझ्यापुढे उभ्या राहिल्या. हात रिकामा होता. मी वेळ घेतला आणि उठले. त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मी मारत न्हवते गं. उठवत व्हते."  पुढे दोन वर्षांनी त्या गेल्या, तोवर त्यांची वेणी मीच घालत होते.

पहिल्या भाऊबीजेला मी म्हशीच्या दुधाचे आणि मालकांच्या पेन्शनीचे मिळून तीनशे माहेरी नेले. आण्णाने माझ्या बाह्या वर केल्या, भावजयीने पाठ बघितली. पैसे घेतले.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर गोळ्या वेळेवर आल्या नाहीत. चार दिवसांत मी पुन्हा दगड झाले. मालकांना बाजाराला जायची घाई होती. मी दारात, रेघेवर, हातात उकळत्या दुधाचे पातेले, आणि पाय अडलेले. त्यांनी मोजले. पुन्हा मोजले. मग "सर की गं!" म्हणून कोपरावर काठी मारली. दूध माझ्या पायावर सांडले. मी किंचाळले. या वेळी आवाज बाहेर आला. मालक काठी टाकून मटकन खाली बसले. भाजलेल्या पायावर त्यांनीच तूप लावले. पण वळ तो वळ.

भाऊबीजेला मी लांब बाह्यांचे पोलके घातले. आण्णाने बाही वर केली. नोटा माझ्या पिशवीत परत कोंबल्या.

"हे वरीस धरलं न्हाई, दाजी."

मालक म्हणाले, "एकदाच झालं."

"मग एकदाच पैसं परत."

येताना बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले. घरी आल्यावर आसूड खुंटीवरून काढला, वादी कापून फेकली आणि काठी चुलीत घातली. बैलांना काय करणार, मी विचारले. म्हणाले, "तोंडानं हाकीन."

तिसऱ्या वर्षी आण्णाने पैसे घेतले.

यंदा चौथी भाऊबीज. मी पाटापुढे बसले. ओवाळताना हात चांगला फिरला. आण्णाने माझ्या दोन्ही बाह्या वर केल्या, कोपर फिरवून बघितले. भावजय पाठ बघून म्हणाली, "नितळ हाय." मालक उंबऱ्यापाशी बसले होते.

मी पिशवीतून शंभराच्या तीन नोटा काढल्या आणि हात पुढे केला. तो अर्ध्या वाटेत थांबला. आण्णाचा तळवा वीतभर अंतरावर उघडा होता. त्याने नोटा ओढून घेतल्या नाहीत. मालकांनी मोजायला तोंड उघडले, मी त्यांच्याकडे बघितले, त्यांनी मिटले. निरांजनातली वात तडतडली. भावजय ताट धरून उभी राहिली. सगळे माझ्या हाताकडे बघत होते आणि कोणी काही करत नव्हते. मग माझा हात त्याच्या वेळेने निघाला आणि आण्णाच्या तळव्यावर टेकला.

आण्णाने तीन नोटा मोजून कोपरीच्या खिशात घातल्या. मालकांकडे बघून म्हणाला, "फिटलं, दाजी. समदं फिटलं."

"पैसं फिटलं, आण्णा," मी म्हणाले. "पैसं."